जुन्या बुलेटचं ऑइल गळतंय: सिलिकॉन, गॅस्केट की थेट इंजिन खोलायचं?

माझ्या मावसभावाची कास्ट आयर्न बुलेट 350 फोंड्याला घराच्या पडवीत उभी असते आणि रोज सकाळी खाली पुठ्ठा बदलावा लागतो. एका मेस्त्रीने सांगितलं सिलिकॉन (फट बुजवायची पेस्ट) लावून देतो, दुसरा म्हणाला गॅस्केट (दोन भागांच्या जोडात बसणारा पातळ थर) सेट टाकू, तिसरा थेट फुल इंजिनावरच, म्हणजे पूर्ण इंजिन खोलण्यावरच आला, आणि चवथ तोंडावर असल्यामुळे भावाला गाडी अडकवून ठेवायची नाहीये. तुमचंही असंच चाललं असेल तर मी तिन्ही वापरून बघितलेत म्हणून लिहितोय.

पण त्याआधी गळती नेमकी कुठून आहे ते बघा, कारण ऑइल वाऱ्याने मागे आणि आपोआप खाली पसरतं, त्यामुळे जिथे थेंब लटकतो तिथून गळत असेलच असं नाही. डिझेल आणि ब्रशने इंजिन स्वच्छ धुवा, पूर्ण सुकवा, टाल्कम पावडर मारा आणि 10-15 किलोमीटर फिरवून आणा. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे पावडर ओली झाली असेल तिथे बोट ठेवा. पावसाळ्यात हे करायला कोरडा दिवस शोधावा लागतो, पण शोधाच, नाहीतर पुढचे सगळे पैसे अंदाजावर जातात.

आता सिलिकॉन. स्वस्त, अर्ध्या तासाचं काम, आणि चोर्ला घाटात मध्येच गळती वाढली तर घरी पोचण्यापुरतं ठीक. मात्र बाहेरून तेलकट जागेवर थापलेलं सिलिकॉन धरतच नाही, आणि कव्हर काढून आतून भरपूर लावलं तर जास्तीचं आत पिळून निघतं, तुटतं आणि ऑइलबरोबर फिरायला लागतं. माझ्या गाडीच्या ऑइल गाळायच्या जाळीत असे तुकडे सापडले होते, ते बघून पोटात गोळाच आला, कारण जाळी तुंबली तर वर हेडमधल्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व दाबणाऱ्या दांड्या) ऑइल पोचणार कसं? लावायचंच असेल तर साफ केलेल्या फेसवर (कव्हर जिथे टेकतं त्या कडेवर) अगदी पातळ हात.

गॅस्केट आणि ऑइल सील बदलणं हा माझ्या मते दहातल्या आठ जणांसाठी बरोबर रस्ता. सेट काही शेकड्यांत येतो, मजुरी वेगळी, गाडी एक-दोन दिवस गॅरेजमध्ये. पण नुसतं नवीन गॅस्केट घालून भागत नाही, मेस्त्रीकडून दोन गोष्टी करून घ्याच. एक, कव्हरचा फेस काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करून घेणं. वर्षानुवर्षं लोकांनी गळतंय म्हणून पाना घेऊन अजून आवळलेलं असतं आणि त्यानेच कव्हर वाकतं, अॅल्युमिनियमचे आटेही जातात. डावीकडची चेन केस (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं कव्हर) तर मधल्या एकाच नटवर बसते, आतल्या रबरी रिंगवर सील होते, ती जास्त आवळली की उलट जास्त गळते.

दुसरी गोष्ट ब्रीदर, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) हवा दाबली जाते, ती ब्रीदरमधून बाहेर जायला पाहिजे. पाइप तुंबला असेल किंवा बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व कडक झाला असेल तर तो दाब मिळेल त्या फटीतून ऑइल ढकलतो, मग गॅस्केट कितीही भारी टाका, तीन महिन्यांत परत तेच. माझी गळती शेवटी ब्रीदरनेच थांबली. आणि गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर ऑइलच्या टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं, चालू केल्यावर ब्रीदर ते बाहेर फेकतो, ती गळती समजून घाबरू नका. लेव्हलसुद्धा इंजिन थोडं चालवूनच बघायची.

चेन केसमधली लेव्हल मात्र आपोआप वाढत असेल तर क्रँकचं सील गेलंय, इंजिनाचं ऑइल तिकडे जातंय, तिथे कव्हरचं गॅस्केट बदलून काही होणार नाही.

इंजिन कधी खोलायचं? सायलेन्सरमधून निळा धूर येतोय, किक हलकी लागतेय आणि ब्रीदर साफ असूनही तो जोरात फुंकतोय, हे तिन्ही एकत्र असेल तेव्हा. म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोर गेलेत. तेव्हाही आधी हाफ इंजिन, म्हणजे फक्त वरचा भाग खोलायचं विचारा, खालून खडखड आवाज नसेल तर क्रँक खोलायला देऊ नका. हे काम हजारांत जातं, लेथवाल्याकडे नंबर लागतो, चवथीच्या आधी तर नकोच.

काहीच न करता ऑइल भरत राहायचं म्हणत असाल तर मागचा टायर बघा. ऑइल तिथवर पोचत असेल तर ओल्या रस्त्यावर, वळणावर गाडी सरळ आडवी होते, अशी गाडी काढूच नका. फक्त पुठ्ठ्यावर डाग पडत असेल तर दर रविवारी लेव्हल बघून पाऊस जाईपर्यंत चालवायला हरकत नाही. भावाला मी ब्रीदर आणि चेन केसची रिंग एवढंच करायला सांगितलंय, शनिवारी गाडी गॅरेजला जातेय.