‘यूव्ही’ म्हणून निळी बत्ती गळ्यात मारली: घरी मासे पाळणाऱ्यांनी वाचा

फसवणुकीची रक्कम आधीच सांगतो, कारण पोलीस ठाण्यातही पहिला प्रश्न तोच होता. ॲडव्हान्स १,००० रुपये, माल निघताना ३,२००, बसने आलेल्या पार्सलचे ११० आणि दोन महिन्यांनी ‘बूस्टर लॅम्प’ म्हणून १,१५०. एकूण ५,४६० रुपये. शिवाय सातपैकी चार एंजल मासे गेले. त्यात तीन वर्षं सांभाळलेली, अंडी घालणारी जोडी होती. तिची किंमत मी लावत नाही.

बेळगावात टिळकवाडीत आमच्या हॉलमध्ये चार फुटी टाकी आहे, साधारण २५० लिटरची. एप्रिलमध्ये खिडकीतलं ऊन लागून पाणी हिरवंगार झालं. हिरव्या पाण्यावर यूव्ही स्टेरिलायझर, म्हणजे अतिनील किरणांनी पाण्यातलं शेवाळ आणि जंतू मारणारा दिवा, चालतो, ही गोष्ट खरीच आहे. तेव्हा मी काहीतरी भलत्याच नादाला लागलो असं कुणी म्हणू नये. मासेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोल्हापूरकडच्या एकाचा व्हिडिओ आला: यूव्ही-सी, १८ वॅट, एक वर्ष वॉरंटी. इथे दुकानात सहा हजारांच्या वर सांगत होते. फोनवर म्हणाला, “दादा, तुम्ही बेळगावची म्हणजे आपलीच माणसं, तुमच्याकडून जास्त कसं घेऊ?” सीमाभागातल्या माणसाला हे वाक्य कुठे जाऊन लागतं, ते त्याला बरोबर ठाऊक होतं. पैशांपेक्षा मला त्याचाच राग जास्त आहे.

पार्सल उघडलं ती संध्याकाळ अजून डोक्यातून जात नाही. अडॅप्टर हातात घेतला, चष्मा वर करून त्यावरचं वाचलंसुद्धा: १२ व्होल्ट, ०.५ ॲम्पियर. बारा गुणिले अर्धा म्हणजे सहा वॅट. खोक्यावर १८ छापलेलं. बावीस वर्षं हिशेब लिहिण्याची नोकरी करतोय मी, आणि तो गुणाकार केला नाही! बायको म्हणाली, “अहो, ही नळी प्लॅस्टिकची दिसूलालीय की.” मी तिलाच समजावलं, फूड ग्रेड ॲक्रिलिक आहे म्हणून. त्या माणसाचे शब्द माझ्याच घरात माझ्याच तोंडून.

खरा यूव्ही-सी दिवा २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो आणि त्याच्याभोवती क्वार्ट्झची नळी लागते. साध्या काचेतून, ॲक्रिलिकमधून ते किरण पलीकडे जातच नाहीत. आणि व्हिडिओत तो पेटलेला दिवा उघड्या हातात धरून तोंडाजवळ नेत हसत होता. खऱ्या दिव्याकडे असं बघितलं तर डोळे भाजतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. पेटलेला दिवा उघड्यावर दाखवणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

पाणी मात्र आठवड्यात निवळलं. त्याच आठवड्यात मी खिडकीला जाड पडदा लावला होता आणि दोनदा अर्धं पाणी बदललं होतं, पण श्रेय दिलं दिव्याला.

जूनमध्ये पाऊस लागला, रात्रभर लाइट नव्हती, हीटर बंद, पाणी गारठलं. त्यात नवे आणलेले टेट्रा मासे वेगळे न ठेवता सोडले होते, ती चूक माझी. तिसऱ्या दिवशी एंजलच्या जोडीतल्या मादीच्या कल्ल्याजवळ रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके. लगेच त्याला फोन केला. म्हणाला, “औषध घालू नका, यूव्हीचा असर जातो. बूस्टर लावा, चार दिवसांत साफ.” खरी गोष्ट नेमकी उलटी आहे: औषध चालू असताना यूव्हीच बंद ठेवायचा, कारण काही औषधं त्या किरणांनी निकामी होतात. आणि अस्सल यूव्हीसुद्धा पाण्यात सुटलेले जंतूच मारतो, माशाच्या अंगात रुतलेला ठिपका तो काढू शकत नाही. मी सहा दिवस वाट बघितली. मादी पंख मिटून फिल्टरच्या पाइपाला टेकून उभी राहायची, त्याच पाइपावर ती अंडी घालायची. सातव्या दिवशी सकाळी ती तळाला होती. दुसऱ्या दिवशी नर.

शहापुरात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एकाने ते यंत्र खोललं. आत निळ्या-जांभळ्या एलईडीची पट्टी चिकटवलेली. “दीडशेचा माल हाय काका,” म्हणाला.

मग सुरू झाली फरफट. ठाण्यात अर्ज मराठीत दिला, तो परत केला, कन्नडमध्ये आणा म्हणाले. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे माणसाला आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. हे सांगितलं तर समोरच्याने पेनच खाली ठेवलं. शेजारच्या पोराकडून कन्नडमध्ये लिहून नेला, तर म्हणे आरोपी महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडे गेलो, तर म्हणे पैसे कर्नाटकातून गेले, तिकडे द्या. तीन दिवसांची रजा गेली. माझे पैसे दोन सेकंदांत सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून गेले, माझा कागद मात्र नाक्यावरच अडला! हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायचा, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलंय. बँकेत गेलो तर, “तुम्हीच पिन टाकलात ना?” हो, मीच टाकला. म्हणून काय तो चोर सुटला? पाच हजारांसाठी कशाला एवढं, असंही ऐकवलं. पाच हजार माझ्या घामाचे आहेत.

पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, त्याच तासात. मी दोन महिने उशिरा केला. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. हे मला एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, एकाही खुर्चीने नाही. आता तोच अर्ज तयार करतोय. खोकं, अडॅप्टर, चॅट सगळं जपून ठेवलंय, तुम्हीही काही फेकू नका. अस्सल दिवासुद्धा सतत चालवला तर वर्षभरात कमजोर होतो, उजेड दिसत असला तरी. तेव्हा ट्यूब वेगळी विकत मिळते का, हे आधी विचारा.

काल त्याच्या स्टेटसला पुन्हा तोच व्हिडिओ होता, खाली ‘निपाणी, चिकोडी, खानापूर डिलिव्हरी चालू’. ज्यांच्याकडे पार्सल पोचलंय, त्यांनी आज रात्री अडॅप्टर उलटा करून त्यावरचे दोन आकडे वाचा आणि गुणाकार करा.