केरॅटोकोनस: सीथ्रीआर करायचं की स्टेम सेलची वाट बघायची?

भाच्याचा सिलिंड्रिकल नंबर वर्षात दोनदा बदलला, तेव्हा राजारामपुरीतला चष्मेवालाच म्हणाला, 'एकदा टोपोग्राफी करून घ्या.' म्हणजे बुबुळाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी. केरॅटोकोनस निघाला. यात बुबुळ पातळ होत शंकूसारखं पुढं येतं, चष्मा लावूनही अक्षरांना सावल्या दिसतात. त्या रात्रीपासून ताईच्या मोबाइलवर एकच विषय: 'ऑपरेशनशिवाय, स्टेम सेलने'. सीथ्रीआर की स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, असे घरात दोन तट पडले, म्हणून दोन्ही बाजू वाचून काढल्या.

सीथ्रीआर हा बुबुळ घट्ट करायचा उपचार. त्यात बुबुळावरचा पातळ पापुद्रा काढून रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब घालतात आणि वर अतिनील किरण सोडतात. मूळ पद्धतीत 30 मिनिटं. त्यानं बुबुळातले कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये पहिले रुग्ण मांडले, अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. दोन-चार दिवस डोळा चांगलाच ठणकतो. आणि हे आजार थांबवण्यासाठी आहे, चष्मा घालवण्यासाठी नाही. ताईला हेच पटत नव्हतं: एवढं करून नंबर तोच?

तरी घाई का, तर जाडीसाठी. निरोगी बुबुळ मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त, असतं. मूळ पद्धतीला पापुद्रा काढल्यावर किमान 400 लागतात. वाट बघण्यात बुबुळ आणखी झिजलं, तर ही सोय हातची जाऊ शकते. पातळ बुबुळासाठी बदललेल्या पद्धती आहेत, पण मुद्दाम तिथवर कशाला जायचं?

आता स्टेम सेल. कल्पना खरंच सुंदर आहे: झिजलेल्या थरात पेशी सोडायच्या, त्यांनी तो भरून काढायचा. स्पेन आणि लेबनॉनच्या डॉक्टरांनी पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी मोजक्या रुग्णांच्या बुबुळात घालून पाहिल्या. पण हा अजून प्रयोगच आहे. आपल्याकडे आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या 2017 च्या नियमांनुसार असे प्रयोग नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवेत, आणि चाचणीत उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी पॅकेज सांगितलं, तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा.

जाहिराती आणखी एक गल्लत करतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेतली स्लेट पद्धत 2012 पासून नावाजलेली आहे. चांगल्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचा इवलासा तुकडा घेऊन तो जखमी डोळ्यावर लावतात. पण ती चुना किंवा अ‍ॅसिडनं कडेच्या स्टेम सेल जळालेल्यांसाठी. तो आजारच वेगळा. तिचं यश केरॅटोकोनसच्या खात्यावर मांडणं म्हणजे शेजाऱ्याचा ऊस आपल्या वजनकाट्यावर घालणं.

दिसण्याचं काम बहुतेकदा आरजीपी (कडक कॉन्टॅक्ट लेन्स) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्सवर भागतं. नेत्रदानातलं बुबुळ बसवायची पाळी, लेन्सही चालेना किंवा व्रण पडले तर.

माझं मत: वय कमी आणि लागोपाठच्या टोपोग्राफीत आजार वाढतोय, तर सीथ्रीआर आधी. पस्तिशी उलटली आणि वर्षानुवर्षं आकडे जागच्या जागी, तर दोन्ही नकोत. लेन्स घ्या, तपासणी चालू ठेवा.

भाच्याची तारीख ठरली आहे. डोळे चोळल्यानं हा आजार वाढतो असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून, त्याचा हात डोळ्याकडं गेला की ताई स्वयंपाकघरातून ओरडते. तिला तिथून दिसतं कसं, देव जाणे.