एम.ए. लोकप्रशासन: नोकरी सांभाळून दीड वर्ष, गुहागर तालुक्यातून

नोकरी करता करता एम.ए. लोकप्रशासन करावं का, असं गेल्या वर्षभरात मला चार-पाच जणांनी विचारलं. त्यांतले दोघे ग्रामपंचायतीतलेच, एक तलाठी. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते इथे सलग लिहिते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात ग्रामसेवक आहे. 2024 मध्ये पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण वाडीवर हाक अजून 'ग्रामसेवक मॅडम' अशीच येते. दोन ग्रामपंचायतींचा चार्ज आहे. प्रवेश दूरशिक्षणाने घेतला, चारपैकी तीन सत्रं झाली. पुढे तक्रारीही येणार आहेत, म्हणून विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी मात्र घ्या, तोंडी होकारावर राहू नका.

पहिलं सत्र जड गेलं. या विषयाचा पाया घालणारे सगळे विचारवंत एकदम: वुड्रो विल्सनचा 1887 चा लेख, वेबरची नोकरशाही, फेयोलची व्यवस्थापनाची 14 तत्त्वं, गुलिकचं पोस्डकॉर्ब (प्रशासकाच्या कामांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द). नुसतं पाठ करायला बसलात तर पंधरा दिवसांत कंटाळाल. त्यात पुस्तकाचं मराठी कठीण. 'पदसोपान' म्हणजे आपली साहेबांची उतरंड, हे कळेपर्यंत दोन पानं उलटलेली असायची. पण 'आदेशाची एकता' या तत्त्वापाशी मी थांबले. एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा, असं फेयोल सांगतो. मला गटविकास अधिकारी सांगतात, सरपंच सांगतात, निवडणूक आली की तहसील कार्यालय सांगतं आणि तिन्ही कामांची तारीख एकच असते. इतकी वर्षं मला वाटायचं, मलाच नियोजन जमत नाही. दोष रचनेत असू शकतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. त्यानंतर मी आदेश आला की तारीख, वेळ आणि कोणाचा हे वहीत लिहून ठेवू लागले, आणि दोन कामं एकमेकांवर आली की त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवते. अजून कोणी रागावलेलं नाही.

दुसऱ्या सत्रातल्या हर्बर्ट सायमनसाठी मात्र मी ही पदवी पुन्हाही करीन. माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारा हा अमेरिकन विचारवंत; तो मला का भिडला ते कळायला आधी एक प्रसंग सांगते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी दापोली तालुक्यात होते. घरांवरची कौलं, पत्रे उडालेले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या, वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, वर कोरोनाचे निर्बंध. तलाठी, कृषी सहायक आणि मी पंचनाम्यांना निघालो. रस्त्यावर झाडं पडलेली, म्हणून जी वाडी पायी गाठता येत होती तिथून सुरुवात केली. डोंगराकडच्या वाडीला चौथ्या दिवशी पोहोचलो. तिथे एक म्हातारी आजी पडवीत ताडपत्रीखाली बसली होती. काही बोलली नाही, आम्हाला पाणी दिलं. आधी इकडे यायला हवं होतं, हे मला नंतर कित्येक महिने खात राहिलं.

सायमनने 1947 मध्येच मांडलं होतं की निर्णय घेणाऱ्या माणसाकडे सगळी माहिती कधीच नसते, वेळही नसतो. तो सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, पुरेसा बरा वाटेल तिथे थांबतो. याच विचारांसाठी 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. निर्णयाच्या या कल्पनेला 'मर्यादित तर्कशुद्धता' म्हणतात. हे वाचून मी स्वतःला माफ केलं असं नाही. पण पुढच्या खेपेला करायचं काय, ते समजलं: माहिती आधीच गोळा करून ठेवायची. आज माझ्याकडे दोन्ही गावांची वाडीवार वही आहे. कोणत्या घरात एकटं म्हातारं माणूस राहतं, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणतं घर पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला आहे, कोणता साकव (छोटा पूल) पावसात पाण्याखाली जातो, सगळं त्यात आहे. दर मे महिन्यात गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना बरोबर घेऊन ती तपासते. अभ्यासक्रमाने मला दिलेली सगळ्यात मोलाची वस्तू ही वही आहे.

तिसऱ्या सत्रात विकसनशील देशांच्या प्रशासनावर लिहिणारा अमेरिकन अभ्यासक फ्रेड रिग्ज आला आणि त्याच्याशी माझं भांडण झालं. विकसनशील देशांत कायदा कागदावर एक आणि व्यवहार दुसराच असतो, असं तो म्हणतो. इथे तो बरोबर आहे. एका गावात मतदार 700. कायद्याने ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जे कमी ते. म्हणजे 100 माणसं हवीत. यादीतली निम्मी नावं मुंबई, विरार, नालासोपाऱ्याला. चाकरमानी येतात शिमग्याला आणि गणपतीला. एरवी सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही म्हणून त्यात ठराव घ्यायचे. हे दरवेळचं आहे.

रिग्जने अशा प्रशासनाला 'साला' हे नाव दिलं, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ दालन. घर आणि कार्यालय यांची सरमिसळ. मला लगेच आमची ओटी आठवली. खरा निर्णय ओटीवर, नाहीतर देवळात गावकीच्या (गावच्या जुन्या पारंपरिक सभेच्या) बैठकीत होतो आणि ग्रामसभेत फक्त लिहिला जातो. पण रिग्ज या सगळ्याला उणीव धरतो, ते मला पटत नाही. मोडलेली पाखाडी (दगडी पायवाट) गावकीने श्रमदानातून दोन दिवसांत बांधलेली मी पाहिली आहे, आमच्या अंदाजपत्रकाला तीन महिने लागले असते. दुसरी बाजूही तितकीच खरी. आमच्याकडे गावकीत बाई बसत नाही. ग्रामसभेत बसते, बोलते, आणि 2011 पासून राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पाण्याचा प्रश्न बायका मांडतात, पाखाडीचा पुरुष. म्हणून मला दोन्ही सभा हव्यात. हे मी स्वाध्यायात लिहिलं, गुण बरे मिळाले.

आता तक्रारी. पुस्तकं सत्र सुरू झाल्यावर दीड महिन्याने आली. स्वाध्यायावर शेरा नसतो, नुसता आकडा. संध्याकाळच्या ऑनलाइन तासाला आमच्याकडे रेंज टिकत नाही, मी डोंगरावरच्या वळणावर स्कूटर लावून ऐकते. परीक्षा केंद्र चिपळूणला, एक पेपर ऐन जुलैच्या पावसात होता. मजकुरात पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती, पंचायतींकडे सोपवायचे अकराव्या अनुसूचीतले 29 विषय, पंचायत राजची शिफारस करणारी बलवंतराय मेहता समिती हे उत्तम आहे. पण महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा किंवा 1961 चा जिल्हा परिषद कायदा जेमतेम परिच्छेदभर. हे कायदे स्वतः वाचावे लागतात.

पगारात फरक पडलेला नाही, पडेल या आशेने घेऊ नका. यूपीएससीला लोकप्रशासन वैकल्पिक घेणाऱ्यांना पाया म्हणून चालेल, पण त्या परीक्षेची तयारी वेगळी. कॉलेजातून थेट येणाऱ्या मुलांनी आधी चार ग्रामसभा मागे बसून ऐकाव्यात, मग प्रवेश घ्यावा.

चौथ्या सत्रात प्रकल्प आहे. विषय घेतलाय नळपाणी योजनेची देखभाल. घरोघरी नळाने पाणी देणाऱ्या केंद्राच्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलंय, पण वर्षातले अकरा महिने बंद असलेल्या घरांनी पाणीपट्टी किती द्यावी यावर गावात एकमत नाही. गणपतीला चाकरमानी आले की घरोघरी जाऊन विचारणार आहे. प्रश्नावली तयार आहे, पहिली प्रत सरपंचताईंनी वाचून दोन प्रश्न बदलायला लावले.