घटस्फोटानंतर डेटिंग अ‍ॅप : नाशिकमध्ये वर्षभर वापरून

टिंडर, बंबल आणि आयल ही तिन्ही अ‍ॅप मी गेलं वर्षभर वापरते आहे. वय चाळिशीच्या आसपास, घटस्फोट होऊन काही वर्षं झालेली, पदरात शाळेत जाणारी मुलगी, राहायला नाशिक. वधू-वर मंडळात पुनर्विवाहासाठी नाव नोंदवलं की समोरच्या घरून पहिला प्रश्न येतो, ‘मुलगी कुणाकडे राहणार?’ मला आधी माणूस ओळखायचा होता आणि घरच्यांनी त्यात नंतर यावं असं वाटत होतं, म्हणून अ‍ॅप घेतली. माझ्यासारख्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नाशिकएवढ्या शहरात पहिली भीती ओळखीच्यांची असते. टिंडरमध्ये फोनमधले नंबर निवडून ब्लॉक करायची सोय आहे. मी ऑफिसमधले आणि सासरकडचे नंबर पहिल्याच दिवशी त्यात टाकले. त्या नंबरवरून खातं काढलेल्यांना आपण दिसत नाही. बंबलवर सुरुवात बाईच्या हातात असते. 2024 पासून आपण एक प्रश्न लिहून ठेवला की समोरचा त्याचं उत्तर देऊन बोलणं सुरू करू शकतो. मी विचारलं होतं, ‘रविवारची सकाळ कशी जाते?’ उत्तर वाचून निम्मी निवड होते, हे मला फार आवडलं. आयल आपल्याकडचं अ‍ॅप, लग्नाचा विचार असलेल्यांसाठी काढलेलं. तिथली माणसं मोठं, नीट लिहितात. कुठलंही अ‍ॅप घेतलं तरी आमच्या गावात काही दिवसांनी तेच चेहरे फिरून येतात. शेवटी मी मुंबई-ठाण्यापर्यंत अंतर वाढवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रोफाइलवरची निळी खूण बघून पुष्कळ जणी निर्धास्त होतात. सेल्फी घेऊन केलेली ही पडताळणी फक्त इतकंच सांगते की फोटोतला चेहरा आणि खातं काढणाऱ्याचा चेहरा एक आहे. त्याचं नाव, नोकरी, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही या खुणेवरून कळत नाही. खूण असलेले, चांगले बोलणारे आणि घरी बायको असलेले पुरुष मला भेटले आहेत. म्हणून बाकीची चौकशी आपणच करायची. फोटो गूगल लेन्सवर टाकून तो आणखी कुठे, दुसऱ्या कुणाच्या नावाने आहे का बघायचं. नंबर मिळाल्यावर यूपीआय अ‍ॅपमध्ये पैसे पाठवायच्या जागी तो घातला, की खातं जोडलेलं असल्यास बँकेतलं नाव दिसतं. ते सांगितलेल्या नावाशी जुळतं का बघायचं. हेच तो आपल्याबद्दलही करू शकतो, म्हणून बँकेला जोडलेला नंबर मी कुणाला देत नाही. या कामासाठी वेगळं सिम ठेवलं आहे.

घटस्फोटितांसाठी आणखी एक. प्रोफाइलवर ‘घटस्फोटित’ लिहिणाऱ्यांतले बरेच नुसते वेगळे राहत असतात, कोर्टात केस चालू असते. मी सरळ विचारते, ‘डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, झाली का?’ खरंच झालेली असेल तर माणूस तारीखसुद्धा सांगतो. चिडला तर बोलणं तिथेच थांबवते.

भेटण्याआधी व्हिडिओ कॉल होतोच होतो. कॅमेरा बिघडलाय, नेट नाही, अशी कारणं दोनदा आली की पुढे जात नाही. पहिली भेट कॉलेज रोडवरच्या गजबजलेल्या कॅफेत, दुपारी. जाताना-येताना स्वतःची स्कूटी. मुंबईकडच्या काहींनी पहिल्याच भेटीला गंगापूर धरणाकडच्या वाइनयार्डला जाऊ म्हणून आग्रह धरला. जागा सुंदर आहे, पण गावाबाहेर आहे आणि दुसऱ्याच्या गाडीतून गेलं तर मनात आलं तेव्हा उठून घरी येता येत नाही. मी नाही म्हणाले. ज्याला या नकाराचा राग आला नाही, तोच पुढच्या वेळी भेटला. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत देता येतं. ते माझ्या मावसबहिणीकडे असतं आणि ठरलेल्या वेळी तिचा फोन येतो.

पैशांच्या फसवणुकीची चाल मी जवळून पाहिली. मर्चंट नेव्हीत असल्याचं सांगणारा एक जण पहिल्याच दिवशी अ‍ॅप सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर चल म्हणाला. पंधरवड्यात सांगू लागला, तुझ्या मुलीसाठी भेट पाठवली, ती दिल्ली विमानतळावर अडकली, कस्टमवाल्यांचा फोन येईल, शुल्क भर. सीमाशुल्क विभाग कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक असतो आणि तो संकेतस्थळावर तपासता येतो. मी क्रमांक मागितला आणि तो माणूस गायब झाला. पुरुषांना वेगळं जाळं असतं. मॅच झालेली मुलगी स्वतःच कॅफे सुचवते, मागवते, निघून जाते आणि हजारोंचं बिल हातात पडतं. 2024 मध्ये दिल्ली-मुंबईतून अशा बातम्या आल्या होत्या. आपल्या भावांना, मित्रांना हे सांगा, ते लाजेने बोलत नाहीत.

पैसे गेलेच तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. खासगी फोटोंवरून कुणी धमकावत असेल तर एक रुपयाही देऊ नका, दिल्यावर मागणी वाढते. चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. 2021 च्या आयटी नियमांनुसार, फोटोतल्या व्यक्तीने तक्रार केल्यावर समाजमाध्यमांना असा मजकूर हटवावा लागतो; आधी त्यासाठी 24 तासांची मुदत होती, फेब्रुवारी 2026 पासून ती दोन तासांची आहे. स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेत फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याची सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या ती जुळवून फोटो अडवतात. यात बाईची चूक नसते, हे मला इथे ठासून लिहायचं आहे.

गेले काही महिने ठाण्यातल्या एकाशी बोलते आहे, भेटतेही. डिक्री त्यांनी न मागता दाखवली. मुलीशी भेट अजून घालून दिलेली नाही, घाईही नाही. आता त्यांच्याशीच बोलणं चालू असल्यामुळे दोन अ‍ॅप बंद केली. फोनमधून अ‍ॅप काढलं तरी खातं आणि फोटो तसेच राहतात आणि वर्गणीही आपोआप कापली जात राहते. आधी प्ले स्टोअरमध्ये जाऊन वर्गणी रद्द करायची, मग अ‍ॅपच्या सेटिंगमधून खातं डिलीट करायचं, त्यानंतर अ‍ॅप काढायचं.