आईची आपोआप वळणारी मान आणि इथली इंजेक्शनं

या दवाखान्याला ५ पैकी ४ स्टार. लांबलचक लिहिणारे, कारण आम्ही दीड वर्ष चुकीच्या दारात उभे होतो आणि कुणी हे आधी लिहिलेलं सापडलं असतं तर आईचे बरेच हाल वाचले असते.

आई ६१ वर्षांची, आम्ही कर्वेनगरला राहतो. तिची मान आपोआप उजवीकडे वळायची, मधेच झटका बसायचा, सरळ करायला गेली की थरथरायची. आधी वाटलं उशीमुळे लचक भरली. मग कॉलर, शेक, ट्रॅक्शन, मसाज सगळं झालं, एमआरआय नॉर्मल आला, आणि एका ठिकाणी तर तोंडावर सांगितलं की रिपोर्टमध्ये काही नाही, तुम्ही टेन्शन घेणं बंद करा. त्या दिवशी आई रिक्षात रडली. जी बाई तीस वर्षं स्कूटीवरून मंडईत जात होती तिची स्कूटी पार्किंगमध्ये धूळ खात पडली.

इथे पहिल्या दिवशी डॉक्टर थोडा वेळ नुसते बघत बसले, मग म्हणाले, "काकू, गालावरचा हात काढा बरं." हात काढला, मान वळली. परत बोट टेकवलं, मान सरळ. जोर अजिबात नाही हं, नुसता स्पर्श. आई बोलताना गालाला हात लावते हे आम्ही रोज बघत होतो, भिशीतल्या बायकांना वाटायचं विचारात असते, पण ती त्या बोटाने मान सांभाळतेय हे घरातल्या एकालाही कळलं नाही. मग विचारलं, झोपेत कशी असते मान? झोपेत एकदम सरळ. (याच कारणामुळे लोकांना वाटतं की नाटक आहे किंवा मनाचे खेळ आहेत.) डॉक्टर म्हणाले हा सर्व्हायकल डिस्टोनिया, दिसतो मानेत पण मूळ मेंदूत.

मला समजलं ते असं. मान वळवायची तर एका बाजूचे स्नायू आखडावे लागतात आणि त्याच वेळी विरुद्ध बाजूच्यांना सैल पडावं लागतं, म्हणजे मेंदूला 'हल' सांगावं लागतं तसं 'थांब'ही सांगावं लागतं. मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया म्हणून पेशींचे पुंजके आहेत, कुठली हालचाल सोडायची आणि कुठली दाबून ठेवायची यात त्यांचं मोठं काम असतं, लहान मेंदूचाही यात भाग असतो. डिस्टोनियात हे 'थांब' नीट पोचत नाही म्हणून नको ते स्नायू ओढत राहतात. मेंदूची रचना जागच्या जागी असते, बिघडतात ते संदेश, म्हणून एमआरआय नॉर्मल. टेन्शनने त्रास वाढतो हे खरं, पण टेन्शनमुळे आजार झाला असं नाही. डिस्टोनिया हे नाव ओपेनहाइम नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९११ साली दिलं. नाव मिळून शंभरावर वर्षं झाली आणि तरी माझ्या आईला टेन्शन घेऊ नका ऐकावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप आणायला लावल्या, पित्ताच्यासुद्धा. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड अशी पित्तावर, उलटीवर देतात ती काही औषधं मेंदूत डोपामिनचं (निरोप पोचवणारं एक रसायन) काम अडवतात आणि त्यानेही अशा हालचाली सुरू होऊ शकतात. आईच्या गोळ्यांत नव्हतं, पण बाबांच्या पित्ताच्या कॅप्सूलमध्ये निघालं, विचारून बदलून घेतली.

इलाज बोट्युलिनम टॉक्सिनचा. हो, तेच बोटॉक्स. आईने विचारलंच, "अहो ते नट्या घेतात ते का?" सुरकुत्यांच्या आधी ते डोळ्यांच्या आजारांसाठी होतं, अमेरिकेत १९८९ साली त्यासाठीच मान्यता मिळाली. मान उजवीकडे वळते तर गळ्याच्या पुढची सुई डावीकडे का, असं मी विचारलं, तर पुढचा डावा स्नायू आखडला की चेहरा उजवीकडे वळतो म्हणे, मागच्या सुया मात्र उजवीकडेच. ईएमजी मशीनवर (स्नायूतल्या विजेच्या हालचाली टिपणारं) आवाज ऐकत बरोबर त्या स्नायूत देतात. मेंदू यात बरा होत नाही हेही स्पष्ट सांगितलं, नसेकडून स्नायूला जाणारा निरोप तेवढा अडतो, त्यामुळे साधारण तीन महिन्यांनी परत घ्यावं लागतं. आईला सहाव्या दिवशी फरक जाणवला, दोन आठवड्यांत टीव्ही समोर बसून बघायला लागली. मधे चारेक दिवस घास अडकत होता, मऊ भातावर काढले, ही शक्यता आधी सांगितली होती म्हणून घाबरलो नाही.

एक स्टार का कापला, तर अपॉइंटमेंट असून अडीच तास बसावं लागतं आणि वेटिंगमधल्या खुर्च्यांना डोकं टेकायला काही नाही, जिथे निम्मे पेशंट मानेचे, हाताचे, थरथरीचे आहेत तिथे याचा विचार व्हायलाच हवा. इंजेक्शन स्वस्त नाही, किती युनिट लागतील आणि किती होतील ते आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. आणि जाताना त्रास होतोय तेव्हाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, आईची मान नेमकी डॉक्टरांसमोर कधीकधी शहाण्यासारखी वागते.

स्कूटीला डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही. दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे, झाला की इथेच लिहीन.