टोइंगवाल्याने उलटी उचललेली ऑटोमॅटिक गाडी

चिपळूण–कराड रस्त्यावर पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढताना गाडी बंद पडते. तोंड कराडकडे, वर पाऊस, मोबाइलला रेंज नाही, आत लहान मुलं. तेवढ्यात क्रेनवाला येतो. "अडीच हजारात चिपळूणला सोडतो." जीव भांड्यात पडतो आणि माणूस पुढचं काही न विचारता हो म्हणतो. इथून पुढे तो दोनदा फसतो.

पहिली फसवणूक पैशांची. गॅरेजच्या दारात गाडी हुकावर लटकत असतानाच हिशेब निघतो. अडीच हजार म्हणे नुसतं भाडं. उचलायचे वेगळे, घाटाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. आकडा दहा हजारांवर जातो आणि ते मोजल्याशिवाय गाडी खाली येत नाही.

दुसरी उशिरा कळते आणि तीच महागात पडते. चढाला तोंड असलेली गाडी पुढून उचलली, तर क्रेनसकट ती घाटात वळवावी लागते. तो खटाटोप नको म्हणून क्रेन मागून लावतात आणि पुढची चाकं रस्त्यावरून फिरत चिपळूणपर्यंत येतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पण चाकांबरोबर आतले भाग फिरतच राहतात, तेही तेलाविना. नंतर तेल काढलं की ते काळं, जळक्या वासाचं निघतं आणि बोटांत चोळलं की धातूची चमकी लागते. बिघाड बॅटरीचा होता, बिल गिअरबॉक्सचं येतं. टोइंगवाला म्हणतो, "आधीच गेला होता." त्यानेच दाखवलेलं गॅरेज असेल तर तिथलं मत मानू नका, कारण यात कमिशन चालतं.

म्हणून हुक लागण्याआधी बोला. ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक. फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद जाणारी) आणि इलेक्ट्रिक गाडीला तर दुसरा पर्यायच धरू नका. फ्लॅटबेडवर पट्टे चाकांना बांधायला लावा. सस्पेन्शनच्या आर्मला, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला, साखळी अडकवली की तो वाकतो. बॅटरी उतरली की गिअरचा दांडा 'पी'मधून (पार्किंगमधून) हलत नाही. बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळ छोटं झाकण असतं, त्याखालची खटकी दाबून धरली की दांडा न्यूट्रलमध्ये नेता येतो. न्यूट्रल न पाडता कोणी गाडी ओढू लागला तर तिथेच थांबवा.

कुठून कुठे, कशावर, सगळं धरून किती, हे त्याच्याच तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करा. गाडीचे चारी बाजूंनी आणि हुक लावल्यावर फोटो काढा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडल्यावरची मदत) असेल तर आधी तिथे फोन करा. तो नंबर घाटात शोधता येत नाही, घरून निघतानाच कागदावर लिहून ठेवा. मुंबई–गोव्यासारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक लावा. कोणी गाडी अडवून जास्तीचे पैसे मागू लागला तर पोलिसांसाठी ११२.

दोर लावून ओढायचं फक्त मॅन्युअल गाडीचं आणि तेही सपाटीवर, जवळच्या गॅरेजपर्यंत. डिकीत जॅकपाशी टो हुक असतो. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून तो शेवटच्या आट्यापर्यंत पिळा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. अर्धवट बसलेला हुक झटक्यासरशी उपटून काचेवर येतो. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असल्याने एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो, म्हणून घाटाच्या उतारावर दोर लावूच नका.