फोडणीचा ठसका, लघवी गळणं आणि टेपचं ऑपरेशन : ९ महिन्यांनंतरचा अनुभव

खोकताना-शिंकताना लघवी गळते ती थांबवायला टेप, म्हणजे जाळीची एक बारीक पट्टी, बसवायचं ऑपरेशन करतात. माझ्या त्या ऑपरेशनला आता ९ महिने होऊन गेले. खरं तर दीड महिन्यातच लिहायला बसले होते, पण म्हटलं थंडी, उन्हाळा, पाऊस सगळं एकदा अंगावरून जाऊ दे मग लिहू. मी स्वतः शोधत होते तेव्हा मराठीत बायकांनी लिहिलेलं जवळपास काही सापडलंच नाही, जे सापडलं ते दवाखान्यांच्या जाहिरातीसारखं, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

मी नाशिकला सिडकोत राहते, वय ४७, ११ वर्षं झाली डब्याचं काम करते, अंबड एमआयडीसीतल्या मुलांचे रोजचे चाळीसेक डबे असतात. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल, धाकटी पावणेचार किलोची आणि चिमटा लावून झालेली. तेव्हापासूनच शिंकलं की थेंब यायचे पण ते चालायचं. गेल्या ४-५ वर्षांत मात्र फार वाढलं. डब्याचं काम म्हणजे दिवसभर ओझं, पिठाचा डबा गिरणीतून आणा, भाताचं पातेलं उतरवा, आणि त्यात सगळ्यात वाईट म्हणजे फोडणी. लाल मिरचीची फोडणी टाकली की ठसका, आणि ठसका लागला की संपलं, साडी ओली. सकाळच्या डब्यात दोन भाज्या आणि आमटी म्हणजे तीन फोडण्या, तुम्हीच बघा. रोज ३-४ पॅड लागायचे, उन्हाळ्यात जांघा सोलून निघायच्या. लग्नाकार्याला जायचं सोडलं, स्कूटरवर मागे बसायचं सोडलं कारण स्पीडब्रेकर आला की भीती. घरात कुणालाच माहीत नव्हतं, मिस्टरांनाही नाही, मी वेगळी अंघोळ, वेगळं धुणं सगळं गुपचूप करायचे. आता वाटतं एवढी वर्षं कशाला लपवलं.

पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे मला ५ मिनिटांत सांगितलं की पिशवी काढून टाका, आता मुलं झालीत, तिचं काय काम आहे. मी तयारही झाले होते, तारीख ठरली होती. माझी भाची नर्सिंगला आहे, तिला सहज फोनवर बोलले तर ती म्हणाली मावशी, लघवीची पिशवी वेगळी आणि गर्भाची वेगळी, एक काढून दुसरी कशी बरी होईल? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गर्भाशयात गाठ असेल, रक्तस्राव होत असेल, अंग फार बाहेर येत असेल (गर्भाशय खाली उतरून) तर ती गोष्ट वेगळी, पण नुसतं खोकताना गळतं म्हणून गर्भाशय काढण्याचा काही उपयोग नाही. मला यातलं काहीही नव्हतं. आपल्याकडे कितीतरी बायकांच्या पिशव्या अशाच निघतात आणि गळणं तसंच राहतं, याचा मला अजून राग येतो.

मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्या फक्त बायकांच्या लघवीच्या आणि अंग बाहेर येण्याच्या तक्रारी बघतात. त्यांनी आधी ३ दिवसांची वही लिहायला लावली. किती वाजता किती पाणी-चहा प्यायले, किती वाजता गेले, मापाच्या जगमध्ये किती झाली, आणि कधी गळली, काय करताना गळली. इन्फेक्शन आहे का बघायला लघवीचं कल्चर केलं. मग लघवी भरलेली असताना उभं करून खोकायला लावलं आणि त्यांनी समोर बसून बघितलं, मला रडूच आलं पण त्या म्हणाल्या हीच खरी तपासणी आहे. लघवीला जाऊन आल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत पाहिलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं कळलं ते इथे. गळण्याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे खोकलं, शिंकलं, हसलं, ओझं उचललं की दाब येऊन निसटते. दुसरा म्हणजे अचानक जोराची कळ येते आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत होते. टेपचं ऑपरेशन पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्यासाठी सवय लावणं, गोळ्या वगैरे वेगळे उपाय असतात. माझं दोन्ही होतं, जास्त पहिलं आणि थोडं दुसरं, म्हणून त्यांनी युरोडायनॅमिक नावाची तपासणी करून घेतली. बारीक नळ्या घालून लघवीच्या पिशवीत पाणी भरतात, मागच्या वाटेतही एक नळी असते, आणि मध्ये मध्ये खोकायला सांगतात. दुखत नाही पण लाज वाटते आणि नंतर एक दिवस जळजळ होते. बाई स्पष्ट म्हणाल्या की खोकल्याचं गळणं थांबायची शक्यता चांगली आहे, पण कळ येणं आहे तसं राहील, कमी होईल किंवा वाढेलही, ते मी आज सांगू शकत नाही. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

लगेच ऑपरेशन नाही केलं. आधी ३ महिने व्यायाम, कॉलेज रोडला एका फिजिओ मॅडमकडे. केगल केगल सगळे म्हणतात, म्हणजे खालचे स्नायू आत ओढून धरायचा व्यायाम, पण मी इतकी वर्षं चुकीचं करत होते, आत-वर ओढायच्या ऐवजी खाली जोर लावत होते म्हणजे उलट नुकसानच. लघवी आणि वारा एकदम अडवतोय अशी ओढ घ्यायची, पोट आणि मांड्या ढिल्या ठेवून, एका वेळी ८ तरी, दिवसातून ३ वेळा. फायदा झाला, चालताना गळायचं ते थांबलं, पॅड दोनवर आले. ४ किलो वजनही उतरवलं. ज्यांचं थोडंच गळतं त्यांचं एवढ्यावर भागतं, माझं फोडणी आणि पातेल्यापुढे भागलं नाही.

टेप म्हणजे काय तर पॉलिप्रोपिलीनची साधारण १ सेंटीमीटर रुंद जाळीची पट्टी. हर्नियाला जाळी बसवतात ना, त्याच धाग्याची. ती लघवीच्या नळीच्या मधल्या भागाखाली झोळीसारखी ठेवतात. बाईंनी छान सांगितलं, रबरी पाईप चिखलावर पडलेला असेल तर पाय दिला तरी पाणी चालूच राहतं, खाली फरशी असेल तर दाबलं की बंद होतं, तशी ही फरशी. टाके घालून बांधत नाहीत, ताणत पण नाहीत, जाळीच्या भोकांतून आपलंच मांस वाढून ती धरून ठेवतं. स्वीडनमध्ये १९९६ च्या सुमाराला ही पद्धत आली, तिच्यात पट्टी ओटीपोटाकडून वर काढतात, आणि २००१ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी जांघेतून काढायची पद्धत काढली. पहिल्यात लघवीच्या पिशवीला भोक पडण्याचा धोका जास्त म्हणून आत दुर्बीण घालून बघतात, दुसरीत जांघ-मांडी दुखण्याचा त्रास जास्त. माझी जांघेतून केली.

माझ्या मुलीने मोबाईलवर वाचून घाबरवून सोडलं होतं की परदेशात ही जाळी बंद केलीय. मी बाईंना सरळ विचारलं, तर त्यांनी वेळ देऊन समजावलं. अमेरिकेत २०१९ ला जी विकायची बंद केली ती अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायची मोठी जाळी, खोकल्याच्या गळण्याची ही पट्टी तिथे चालू आहे. इंग्लंडमध्ये मात्र २०१८ ला या पट्टीचा वापरही थांबवला होता, कारण काही बायकांना फार त्रास झाला, पट्टी आतून उघडी पडली, दुखणं कायमचं राहिलं, आणि एकदा मांसात रुजली की पूर्ण काढणं फार अवघड. हे त्यांनी लपवलं नाही. पट्टी नको असेल तर पोटाच्या स्नायूवरचं स्वतःचंच आवरण कापून त्याची झोळी करता येते, पण मग पोटावर मोठा छेद आणि बरं व्हायला जास्त दिवस. मी ८ दिवस विचार केला. जाळीवरच सही केली पण डोळे उघडे ठेवून केली, आणि मिस्टरांना समोर बसवून सगळं ऐकवलं, तोवर त्यांना माझा त्रासच माहीत नव्हता. घरी येताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला ते एवढंच म्हणाले की सांगायचं तरी ना गं.

दिवाळीचे फराळाचे ऑर्डर संपवून नोव्हेंबरात ऑपरेशन केलं. कमरेत भूल, अर्ध्या तासाच्या आसपास, योनीत एक छोटा छेद आणि दोन्ही जांघांत एक एक बारीक. दुसऱ्या दिवशी लघवीसाठी घातलेली रबरी नळी काढली तर लघवी नीट होईना, सोनोग्राफीत १८० मिली उरलेली, म्हणून परत नळी घालून घरी पाठवलं. ते २ दिवस फार वाईट गेले, वाटलं भलतंच करून बसले. नंतर नळी काढली तेव्हा झाली, धार मात्र पहिल्यापेक्षा बारीक आहे, आजही आहे, घाई न करता बसावं लागतं. डाव्या जांघेत ५-६ आठवडे ठणका होता, जिना चढताना जास्त. आता रिक्षात चढताना पाय वर टाकला की कधीतरी चमक येते, बाकी नाही.

६ आठवडे ओझं बंद, संबंध बंद, जोर लावून शौचाला जायचं नाही. माझ्यासारखीला हेच सगळ्यात कठीण. डबे पूर्ण बंद केले असते तर गिऱ्हाईक गेलं असतं, म्हणून जाऊबाई धावून आल्या, पातेली त्या आणि माझा मुलगा उचलायचे आणि मी खुर्चीवर बसून पोळ्या लाटायचे. तुमच्याकडे असं माणूस नसेल तर आधी सोय करा आणि मगच तारीख घ्या, कारण तिसऱ्या आठवड्यात अगदी बरं वाटायला लागतं आणि आपण बायका हंडा उचलतो. डिसेंबरात आपल्याकडची थंडी कडक, मला सर्दी-खोकला झाला, रात्रभर खोकत होते आणि पट्टी सरकली तर म्हणून जीव मुठीत. सकाळी उठले तर कोरडी. तेव्हा पहिल्यांदा पटलं की काम झालंय.

आता आजची स्थिती सांगते. ठसका, शिंक, ओझं, कशानेच गळत नाही. जानेवारीत पहिली मिरचीची फोडणी मुद्दाम मीच टाकली. पॅड बंद. कळ येण्याचा त्रास मात्र ऑपरेशननंतर २ महिने वाढला होता, भांडी घासायला नळ सोडला की पळावं लागायचं. चहा ५ कपांवरून २ वर आणला, घड्याळ लावून १०-१० मिनिटं जास्त धरायची सवय केली, काही दिवस गोळी घेतली, आता बराच कमी आहे पण शून्य नाही. संबंधांच्या वेळी सुरुवातीला कोरडेपणा आणि ओढ जाणवायची, आता नाही. मिस्टरांना काही टोचलं का हे डॉक्टर तपासणीच्या वेळी हमखास विचारतात, लाजून नाही म्हणू नका, पट्टी उघडी पडल्याचं कधी कधी तिथूनच कळतं. पांढरं-लाल पाणी, वास, वारंवार लघवीचं इन्फेक्शन यातलं काहीही कधीही झालं, अगदी काही वर्षांनीही, तर दाखवायचं.

बिलाचा आकडा लिहीत नाही, खोली आणि टेपच्या कंपनीवर फार फरक पडतो, पण टेपचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का ते आधी विचारा, आणि टेपच्या पाकिटावरचं कंपनी-नंबरचं स्टिकर मागून फाईलला लावून घ्या. पुढे काही झालं तर कुठली बसवली हे कळायला तेच उपयोगी.

या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी, म्हणजे डोंगराची पायी प्रदक्षिणा, केली, ७ वर्षांनी. वीसेक किलोमीटर, रात्रीचा पाऊस, चिखल, वाटेत बायकांची सोय जवळजवळ नाही. जाऊबाई सोबत होत्या. निम्म्या वाटेत त्यांनीच विषय काढला की त्यांनाही त्रास आहे, आणि माझ्यासारखंच ऑपरेशन करून टाकू का. विचारलं तर खोकताना काही नाही, नुसती कळ येते आणि थांबतच नाही. म्हणजे माझ्यापेक्षा वेगळं. मी म्हटलं वहिनी, ऑपरेशनचं नाव आधी काढू नका, वही लिहा. त्यांची ३ दिवसांची वही काल पूर्ण झाली, गुरुवारी बाईंकडे घेऊन जायचंय.